पिनकोड हातानं सोडवायची पूर्ण रीत: ग्वाल्हेर लष्करचा ४७४००१

सहा आकडी संख्या समोर आली की हल्ली लोक सरळ मोबाईलमध्ये टाकतात आणि तिचे अवयव बघून मोकळे होतात. मला ते पटत नाही कारण खरी मजा उत्तरात नाहीच, ती आहे कुठली कसोटी आधी लावायची, कुठे थांबायचं, एका पायरीतून पुढच्या तीन पायऱ्या फुकटात कशा सुटतात यात, आणि हे सगळं कागद-पेन्सिलीवर एका संध्याकाळी होतं. म्हणून इथे एकच संख्या घेऊन तिची अथपासून इतिपर्यंत तपासणी कशी करायची ते लिहितोय. संख्या घेतलीय आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचा पिनकोड, ४७४००१. तुम्ही स्वतःचा घ्या, रीत तीच.

आधी थोडं पिनकोडबद्दल, कारण मराठी माणसाला हे माहीत असायलाच हवं. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिच्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, डाक-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी. पहिला आकडा विभागाचा, म्हणून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड सगळ्यांचे पिनकोड ४ पासून सुरू होतात, म्हणजे पुणं, मुंबई, इंदूर आणि आम्ही ग्वाल्हेरवाले एकाच आकड्याखाली आलो, आणि वडोदरा मात्र ३ मध्ये. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट. मोठ्या पोस्टाला बऱ्याचदा ००१ मिळतो, आणि हे ००१ गणिताला किती कामी येतं ते पुढे दिसेलच.

आणखी एक. ४७४००१ मध्ये दोन शून्यं आहेत, आणि ज्या गावात बसून आपण ही शून्यं लिहितोय त्याच गावच्या किल्ल्याच्या चढणीवर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे, त्यात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखेच गोल शून्य काढून कोरलेत. १८७ हात बाय २७० हात अशी फुलबाग आणि देवाला रोज ५० माळा, असा तो हिशोब आहे. भारतातल्या तारखेसकट कोरलेल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी हे आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला मानमंदिर दाखवतो आणि या मंदिरापुढून गाडी तशीच काढतो, तर पुढच्या वेळी थांबा प्लीज.

पायरी १: कागदाचे दोन भाग करा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कागदाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे संख्येचे स्वतःचे गुण लिहायचे, म्हणजे अवयव, विभाजक, वर्गांची बेरीज वगैरे, जे ती संख्या रोमन आकड्यात लिहा की द्विमान पद्धतीत लिहा, बदलत नाहीत. उजवीकडे तिच्या दशमान लिखाणाचे गुण, म्हणजे अंकांची बेरीज, उलट करून काय येतं, असलं सगळं. दोन्ही मजेशीर आहेत पण मिसळले की माणूस उगाच अंकांच्या बेरजेत गूढ शोधत बसतो.

पायरी २: सोप्या कसोट्या, पण एका दमात

शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४+७+४+०+०+१ = १६, म्हणजे ३ बाद, पण बाकी लिहून ठेवा, ३ नं भागल्यावर १ उरते. शेवटचे तीन अंक ००१ म्हणजे ८ नं भागल्यावरही बाकी १ (१००० ला ८ नं पूर्ण भाग जातो म्हणून फक्त शेवटचे तीन अंक बघायचे). या दोन बाक्या जपून ठेवा, पायरी ४ मध्ये त्यांच्यावरच सगळं उभं आहे.

आता ७, ११ आणि १३. शाळेत या तिघांच्या तीन वेगळ्या कसोट्या शिकवतात आणि ७ ची कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्याऐवजी हे करा: ७ × ११ × १३ = १००१, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वजाबाकी करा. ४७४ आणि ००१, वजाबाकी ४७३. आता एवढ्या छोट्या ४७३ लाच तपासायचं. ७ नं बाकी ४, १३ नं बाकी ५, आणि ११ × ४३ = ४७३, भाग गेला! एका वजाबाकीत तिघांचा निकाल लागला.

४७४००१ ÷ ११ = ४३०९१.

पहिला अवयव मिळाला आणि आता मूळ संख्या विसरायची, पुढचं सगळं काम ४३०९१ वर. पण इथे एक गोष्ट बरेच जण सोडतात, ती म्हणजे ११ परत लावून बघणं, कारण ११ दोनदाही असू शकतो. गट ४३ आणि ०९१, वजाबाकी ४८, याला ७, ११, १३ कोणाचाच भाग जात नाही. झालं, तिघंही संपले.

पायरी ३: ४३०९१ फोडा

कुठपर्यंत भाग देत जायचं? वर्गमूळापर्यंत. २०७ चा वर्ग ४२८४९ आणि २०८ चा ४३२६४, म्हणजे २०७ पर्यंतच्या मूळसंख्या बघायच्या, त्याच्या पुढे नाही, कारण एक अवयव त्याहून मोठा असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच आणि तो आधीच सापडला असता. आता सरळ भागाकार: १७ नं बाकी १३, १९ नं १८, २३ नं १२, २९ नं २६, ३१ नं बाकी १ (फार जवळ गेलं), ३७ नं २३. आणि ४१?

४१ साठी एक सुंदर कसोटी आहे, शेवटचा अंक काढा, त्याला ४ नं गुणा आणि उरलेल्या संख्येतून वजा करा, मग परत तेच. मूळ ४७४००१ वरच करून बघू: ४७४०० − ४ = ४७३९६. मग ४७३९ − २४ = ४७१५. मग ४७१ − २० = ४५१. मग ४५ − ४ = ४१. आलं! हे का चालतं तर ४१ = ४ × १० + १, म्हणून शेवटचा अंक आणि दशकाच्या घरातली त्याची चौपट मिळून त्याची ४१ पट होते, आणि ती ४१ च्या हिशोबात शून्यच. याच धर्तीवर ३१ साठी तिप्पट वजा करायची, २१ साठी दुप्पट (आणि २१ मध्ये ७ आलाच), स्वतः पटवून घ्या.

४३०९१ ÷ ४१ = १०५१.

आता १०५१ मूळ आहे का? इथे बहुतेक जण नव्यानं भागाकार सुरू करतात. गरजच नाही. १०५१ चं वर्गमूळ ३२ च्या थोडं पुढे आहे (३२ चा वर्ग १०२४, ३३ चा १०८९), म्हणजे ३१ पर्यंतच बघायचं, आणि ३१ पर्यंतच्या सगळ्या मूळसंख्या आपण ४३०९१ वर किंवा मूळ संख्येवर लावून झाल्यात. १०५१ ला ज्याचा भाग जाईल त्याचा ४३०९१ लाही जायलाच पाहिजे, तो गेला नाही, म्हणजे १०५१ मूळ. एकही नवीन भागाकार न करता! बाक्या नीट लिहून ठेवल्या असतील तरच हे सुख मिळतं, म्हणून म्हणतो रफ काम फाडू नका.

तर डावीकडच्या रकान्यात पहिली नोंद:

४७४००१ = ११ × ४१ × १०५१

तीन वेगवेगळ्या मूळसंख्या, प्रत्येक एकदाच. आणि तिन्ही जोडमूळ संख्यांच्या (दोनच्याच फरकानं येणाऱ्या मूळसंख्यांच्या) जोड्यांमधल्या निघाल्या: ११ आणि १३, ४१ आणि ४३, १०४९ आणि १०५१. असं नेहमी होत नाही, आमच्या पिनकोडचं नशीब.

पायरी ४: दुसरा रस्ता, दोन वर्गांच्या वजाबाकीचा

माझी सगळ्यात आवडती पायरी, घाई करू नका. १७ व्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं ही युक्ती वापरली होती: विषम संख्या जर क² − ख² अशी लिहिता आली तर ती (क − ख) × (क + ख) अशी लगेच फुटते. भागाकार नाहीच. सरळ पद्धत अशी की वर्गमूळाच्या पुढची पूर्ण संख्या घ्या (इथे ६८९, कारण ६८८ चा वर्ग ४७३३४४ आणि ६८९ चा ४७४७२१), तिच्या वर्गातून ४७४००१ वजा करा, उरलेलं पूर्ण वर्ग आहे का बघा, नसेल तर ६९०, ६९१ असं पुढे. चालेल, पण आपल्या संख्येसाठी ७५१ पर्यंत जावं लागतं, म्हणजे ६३ प्रयत्न, जीव जातो.

आता त्या दोन बाक्या बाहेर काढा. ८ नं बाकी १ आणि ३ नं बाकी १.

कुठलाही विषम वर्ग ८ नं भागला की बाकी १ च येते, आणि कुठल्याही वर्गाला ४ नं भागलं की बाकी ० किंवा १. आपली संख्या ४ नं भागल्यावर १ उरते, म्हणजे क विषम आणि ख सम असणार. मग क² ची ८ नं बाकी १, संख्येचीही १, म्हणून ख² ला ८ नं पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि तो जाण्यासाठी ख ला ४ नं भाग जायला हवा. तसंच ३ नं, वर्गांची बाकी ० किंवा १ च असते, वजाबाकीत १ यायची तर ख² ची बाकी ० हवी, म्हणजे ख ला ३ नं भाग गेलाच पाहिजे. दोन्ही मिळून ख हा १२ च्या पाढ्यातलाच असणार! बाकी सगळे एका झटक्यात बाद.

अजून गाळा. ख चा शेवटचा अंक ४ किंवा ६ असेल तर ख² चा शेवट ६, त्यात आपला १ मिळवला की ७, आणि ७ नं संपणारा वर्गच नसतो. बाद. शेवट २ किंवा ८ असेल तर ख² चा शेवट ४, बेरीज ५ वर संपते, आणि ५ वर संपणारा वर्ग २५ वरच संपतो, म्हणून ख² चे शेवटचे दोन अंक २४ च हवेत. १२ चा वर्ग १४४, नाही. ४८ चा २३०४, नाही. ७२ चा ५१८४, नाही. १०८ चा ११६६४, नाही. १३२ चा १७४२४, हो. असं करत ३०० पर्यंत गेलं की हातात उरतात फक्त ६०, १२०, १३२, १६८, १८०, २४०, ३००. सात!

आता हे सात लावून बघा, ४७४००१ मध्ये ख² मिळवायचा आणि पूर्ण वर्ग येतो का बघायचं. ६० ला ४७७६०१ येतात, ६९१ चा वर्ग ४७७४८१, हुकलं. १२० ला ४८८४०१, इकडे ६९९ चा वर्ग ४८८६०१, दोनशेनं हुकलं. १३२ ला ४९१४२५, ७०१ चा वर्ग ४९१४०१, चोवीसनं हुकलं, हे वाईट वाटतं. १६८ ला ५०२२२५, नाही. १८० ला ५०६४०१, नाही. २४० ला ५३१६०१, ७२९ चा वर्ग ५३१४४१, नाही. ३०० ला ५६४००१, आणि ७५१ × ७५१ = ५६४००१.

म्हणजे ४७४००१ = ७५१² − ३००² = ४५१ × १०५१. आणि ४५१ तर दिसताक्षणी ११ × ४१.

जे पायरी ३ मध्ये भागाकारानं काढलं तेच इथे बेरजेनं आलं, हीच सगळ्यात भक्कम पडताळणी, दोन वेगळ्या वाटांनी एकच जागा. फक्त एक लक्षात असू द्या, ही युक्ती संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या आसपास असले तरच लवकर फळते, ४५१ आणि १०५१ तसे होते. एक अवयव इवलासा आणि दुसरा अवाढव्य असेल तर भागाकारच बरा. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ३१ किंवा ३७ पर्यंत भागाकार, मग वर्गांची चाळणी, आणि तीही अडली तर परत भागाकार.

पायरी ५: विभाजक मोजा, बेरीज करा

अवयव मिळाले की हे पाच मिनिटांचं काम. तीन वेगळ्या मूळसंख्या म्हणजे विभाजक २ × २ × २ = ८: १, ११, ४१, ४५१, १०५१, ११५६१, ४३०९१, ४७४००१. बेरीज एकेक करून करू नका, (१ + ११) × (१ + ४१) × (१ + १०५१) = १२ × ४२ × १०५२ = ५३०२०८. त्यातून स्वतः संख्या काढली की ५६२०७ उरतात, संख्येच्या आठव्या हिश्श्यापेक्षाही कमी. ६ आणि २८ सारख्या परिपूर्ण संख्यांमध्ये ही बेरीज संख्येइतकीच येते, आपली त्या मानानं फारच न्यून. विषम आणि मोजके अवयव असले की असंच होतं, नवल नाही.

नवल आहे ते पुढच्या आकड्यात. १ पासून ४७४००१ पर्यंतच्या किती संख्या हिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नाही? गणितज्ञ ऑयलरचा नियम सांगतो, प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणा: १० × ४० × १०५० = ४२००००. बरोब्बर चार लाख वीस हजार! इतका गोल आकडा आला तेव्हा मी परत गुणून बघितलं. कारण साधं आहे, तिन्ही अवयव १ वर संपतात म्हणून तिन्ही वजाबाक्या ० वर संपतात, पण तरी बघायला काय देखणं आहे.

पायरी ६: बेरजांमध्ये मांडा

सलग संख्यांची बेरीज म्हणून ४७४००१ किती प्रकारे लिहिता येते? नियम असा की जितके विषम विभाजक तितके प्रकार (संख्या एकटी हाही एक प्रकार धरून). आपले आठही विषम, म्हणून आठ प्रकार. ११ विभाजक घ्या, तर मधोमध ४३०९१ ठेवून दोन्हीकडे पाच-पाच: ४३०८६ ते ४३०९६. ४१ घ्या तर ११५४१ ते ११५८१. ४५१ घ्या तर ८२६ ते १२७६. सम मोजणीचेही आहेत, दोन संख्या २३७००० + २३७००१, बावीस संख्या २१५३५ ते २१५५६, ब्याऐंशी संख्या ५७४० ते ५८२१, आणि सगळ्यात लांब साखळी ९०२ संख्यांची, ७५ ते ९७६. पडताळायचं असेल तर पहिली आणि शेवटची मिळवा, १०५१, अशा ४५१ जोड्या. मुलांना बेरजेचं सूत्र घोकायला लावण्यापेक्षा हे करायला द्या, एकदा जमलं की विसरत नाहीत.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? इथे फसायला होतं. ४ नं भागल्यावर बाकी १ उरते, मूळसंख्या असती तर नक्की लिहिता आली असती. पण संयुक्त संख्येला नियम वेगळा, ४ नं भागल्यावर ३ उरणारी प्रत्येक मूळसंख्या अवयवांमध्ये सम वेळा आली पाहिजे, आणि आपल्याकडे ११ आणि १०५१ दोघंही तसलेच आणि दोघंही एकेकदाच. म्हणून नाही, कधीच नाही, शोधत बसू नका. तीन वर्ग मात्र चालतात. सगळ्यात मोठा वर्ग ६८८ चा काढून टाका, ४७४००१ − ४७३३४४ = ६५७ उरतात, आणि ६५७ = ५७६ + ८१. म्हणजे ४७४००१ = ६८८² + २४² + ९². पहिल्याच झटक्यात!

पायरी ७: आता उजवा रकाना, कापरेकरांच्या वाटेनं

इथून पुढचे गुण दशमान लिखाणाचे आहेत, आणि यात देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. शाळेत शिकवत शिकवत या माणसानं ६१७४ सारखी गोष्ट जगाला दिली (१९४९), आणि तीही फक्त आकड्यांशी खेळून.

त्यांचाच खेळ लावू. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि वजा करा: ७४४१०० − ००१४४७ = ७४२६५३. परत तेच: ५३०८६५, मग ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, ८५१७४२. चार अंकी संख्या (चारही अंक सारखे नसतील तर) ६१७४ वर येऊन थांबते, सहा अंकी मात्र बऱ्याचदा थांबत नाही, फिरत राहते. आपली ८५१७४२ वर पोचली की मग ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२. सात जणांचा फेरा. करताना प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात येते का बघत जा, नाही आली तर तिथेच वजाबाकी चुकली.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना, देवळाली संख्या, म्हणजे जी कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवून तयार होत नाही अशी. आपली तशी आहे का? मागे जा. संख्या ४७३ नं सुरू होत असेल तर त्या तीन अंकांची बेरीज १४, म्हणजे उरलेले तीन अंक आणि त्यांची बेरीज मिळून ९८७ यायला हवेत. पहिला अंक ९ च लागतो, मग दुसऱ्याची ११ पट आणि तिसऱ्याची दुप्पट मिळून ७८, दोघंही ६. संख्या ४७३९६६, अंकांची बेरीज ३५, आणि ४७३९६६ + ३५ = ४७४००१. म्हणजे हिला जन्म देणारी आहे, देवळाली संख्या नाही. हर्षद संख्याही (जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो ती) नाही, कारण अंकांची बेरीज १६ आणि विषम संख्येला १६ चा भाग जायचा प्रश्नच नाही.

पण उलट करून मिळवा: ४७४००१ + १००४७४ = ५७४४७५, दोन्हीकडून सारखं! एकाच बेरजेत, कारण कुठेच हातचा आला नाही, ती दोन शून्यं इथे कामी आली. आणि अंकांचे वर्ग मिळवत गेलं तर १६ + ४९ + १६ + १ = ८२, मग ६४ + ४ = ६८, मग ३६ + ६४ = १००, मग १. अशा १ वर पोचणाऱ्या संख्यांना आनंदी संख्या म्हणतात. द्विमान पद्धतीत लिहिली तर (२ नं भागत जा, बाक्या खालून वर वाचा) १११००१११०१११००१०००१ येते, आणि तिथे ही बेरीज-बिरीज काही लागू नाही. अवयव मात्र तिथेही ११, ४१, १०५१ च, रेघ मारायची ती यासाठीच.

पायरी ८: १ ला ४७४००१ नं भागलं तर

दशांशात किती अंकांनंतर तेच आकडे परत येतात? ही कसरत थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा. प्रत्येक अवयवाचं वेगळं काढायचं, म्हणजे कमीत कमी किती नऊ ओळीनं लिहिले की त्याला भाग जातो ते बघायचं (तितक्या अंकांचं आवर्तन), आणि लसावि घ्यायचा. ११ चा भाग ९९ ला जातो, म्हणून २ अंक. ४१ चा भाग ९९९९९ ला जातो (४१ × २४३९), म्हणून ५ अंक. १०५१ ला किती नऊ लागतील? फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १०५० पुरतील, पण कमीतही भागू शकतं, म्हणून १०५० च्या विभाजकांना तपासायचं, आणि सगळ्यांना नाही, १०५० = २ × ३ × ५² × ७ म्हणून १० चे फक्त ५२५, ३५०, २१० आणि १५० हे चार घात बघितले की बास; ज्या घाताची बाकी १ येईल तितके नऊ पुरतात.

१० चा ५ वा घात १०५१ नं भागला की बाकी १५५. वर्ग करत जा: १० व्या घाताची बाकी ९०३, २० व्याची ८८४, ४० व्याची ५६३. ४० आणि १० गुणून ५० व्याची ७५६, मग १०० व्याची ८४३, २०० व्याची १७३. यातून जोडत जोडत १५० व्याची ४०२ येते, २१० व्याची ६७१, ३५० व्याची १८०, ५२५ व्याची १०५०. एकही १ नाही, म्हणजे पूर्ण १०५० नऊ लागतात. मूळसंख्येला याहून लांब आवर्तन शक्यच नसतं. २, ५ आणि १०५० चा लसावि १०५०, म्हणून १ भागिले ४७४००१ चं आवर्तन १०५० अंकांचं. हातानं लिहायला घ्याल तर वहीची दोन पानं भरतील.

दुसरा पिनकोड घेताना

इंदूरवाल्यांसाठी ४५२००१ ची सुरुवात करून देतो. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ चा भाग जातो, ९ चा नाही. तीन-तीनचे गट, ४५२ − १ = ४५१, आणि ४५१ म्हणजे ११ × ४१, म्हणून ११ चा भाग जातो. इथे जपा, ४१ चाही जाईल असं वाटतं पण ही वजाबाकी फक्त ७, ११, १३ बद्दलच बोलते, ४१ नं भागून बघा, बाकी १७ येते. ३ आणि ११ काढले की उरतात १३६९७, वर्गमूळ ११७ च्या जरासं पुढे, म्हणून ११३ पर्यंत भागाकार करावे लागतात आणि त्याला इलाज नाही. ८३ नं बाकी २ येते आणि १०७ नं १, तिथे घाईत भाग गेला असं वाटू शकतं, नीट करा. ११३ नं बाकी २४ आली की १३६९७ मूळ, आणि ४५२००१ = ३ × ११ × १३६९७.